धाराशिव जिल्ह्याचा परिस्थितिकी नकाशा कसा बनतो? खडक, पाऊस आणि चढउतार यांचं गणित

'मेघदूत' हे ॲप तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल. हवामान विभागाने २०१९ मध्ये आणलेलं हे ॲप शेतीचा सल्ला देतं आणि तो मुळात जिल्ह्याच्या नावाने येतो. म्हणजे धाराशिव निवडलं की सीनेकाठच्या परंड्याला आणि कर्नाटकाच्या हद्दीवरच्या उमरग्याला एकच सल्ला. आता हे दोन तालुके ज्याने पाहिलेत त्याला विचारा, दोन्हीकडची जमीन सारखी आहे का? जिल्हा ही कारभाराच्या सोयीची रेषा आहे. पाऊस, माती आणि गवत ती रेषा बघून वागत नाहीत. मग कोणती रेषा बघून वागतात? तीच रेषा शोधण्याचं काम म्हणजे परिस्थितिकी प्रदेशांचा नकाशा.

परिस्थितिकी प्रदेश म्हणजे नक्की काय?

ज्या भागात खडक, माती, हवामान आणि जमिनीचा चढउतार साधारण सारखा आहे, आणि त्यामुळे तिथे उगवणारं, जगणारंही साधारण सारखं आहे, असा सलग पट्टा म्हणजे परिस्थितिकी प्रदेश. शेतीचा विचार करून तो आखला तर त्याला कृषी-परिस्थितिकी प्रदेश म्हणतात. जंगल आणि प्राणी डोळ्यांसमोर ठेवून आखला तर रेषा थोड्या वेगळ्या पडतात. म्हणजे एकाच जागेचे दोन नकाशे वेगळे दिसले तर लगेच एक चुकीचा समजू नका. आधी तो कशासाठी बनवलाय ते बघा.

देशाच्या नकाशात धाराशिव कुठे बसतो?

भारतात हे काम प्रामुख्याने नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने केलं. १९९२ मध्ये त्यांनी देशाचे २० कृषी-परिस्थितिकी प्रदेश पाडले आणि १९९९ मध्ये त्यांचेच ६० उपप्रदेश केले. धाराशिव येतो सहाव्या प्रदेशात: दख्खनचं पठार, उष्ण आणि निमकोरडं हवामान, उथळ ते मध्यम काळ्या जमिनी, मधे मधे खोल काळी जमीन. या प्रदेशात पिकाला पुरेल इतकी ओल वर्षातले साधारण ९० ते १५० दिवस असते.

९० दिवस आणि १५० दिवस यांत फरक केवढा आहे बघा. ९० दिवसांत एक कमी मुदतीचं पीक कसंबसं निघतं. १५० दिवसांत खरीप निघून रब्बीच्या ज्वारीलाही ओल उरू शकते. आणि हे दोन्ही एकाच प्रदेशाच्या नावाखाली आहे.

राज्याचे स्वतःचे नऊ कृषी-हवामान विभाग आहेत. त्यांत धाराशिव दोन विभागांत विभागला जातो. काही भाग अवर्षणप्रवण विभागात, उरलेला 'निश्चित पावसाच्या' विभागात. हे नाव ऐकून मराठवाड्यातला कुणीही हसेल! निश्चित म्हणजे सरासरी ७०० ते ९०० मिमीच्या घरात, इतकाच त्याचा अर्थ. तो वेळेवर येईल अशी हमी त्यात नाही.

खडक: सगळीकडे तोच, तरी सारखा नाही

आता थर एकेक करून बघू. पहिला थर भूशास्त्राचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' पोर्टलवर धाराशिवचा नकाशा उघडला तर पहिल्यांदा निराशाच होईल, कारण जवळपास सगळीकडे एकच उत्तर मिळतं: दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि थंड झाला, तोच हा काळा कातळ. शेजारच्या बिदरमध्ये निदान त्यावर लाल जांभ्याची टोपी आहे. धाराशिवचा नकाशा मात्र जवळजवळ एकरंगी.

पण विहीर खोदणाऱ्याला विचारा, तो एकच खडक म्हणणार नाही. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा खालचा, मधला भाग घट्ट असतो, त्यात पाणी फक्त भेगांत मिळतं. वरचा भाग बुडबुडे अडकून सच्छिद्र झालेला असतो, त्याला मांजऱ्या म्हणतात. तो लवकर कुजतो, फुटतो आणि मुरूम बनतो. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा दिसतो. म्हणून शेजारच्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागतं आणि दुसरा कोरडा जातो. दीड-दोनशे फुटांवर आपण लाव्ह्याच्या कोणत्या थरात, त्याच्या कोणत्या भागात शिरतो यावर सगळं आहे, आणि एवढा बारकावा जिल्ह्याच्या भूशास्त्रीय नकाशात मावत नाही.

जाता जाता एक गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी खोल छिद्र पाडलं, तेव्हा सुमारे ३४० मीटर बेसाल्ट आणि गाळाचा पातळ थर ओलांडून खाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. लोहारा तालुक्यातलं सास्तूर याच भूकंपात उद्ध्वस्त झालं. गवतासाठी आणि पिकासाठी वरचे काही मीटर पुरतात, भूकंपाचा धोका समजायला तो खालचा खडक लागतो. परिस्थितिकी नकाशाकडून भूकंपाच्या प्रश्नाचं उत्तर मागू नये ते एवढ्यासाठीच.

चढउतार: खरी गोष्ट इथे सुरू होते

खडक एकच असेल तर जमिनी वेगवेगळ्या का? उत्तर उंचीत आहे.

बालाघाटच्या रांगा जिल्ह्यातून जातात. पश्चिमेला आणि दक्षिणेला या पठाराची कड एकदम उतरते. बार्शीकडून येडशीला येताना रामलिंगचा घाट लागतो, सोलापूरकडून येताना तुळजापूरचा. पूर्वेला मात्र जमीन हळूहळू कलत जाते, घाट वगैरे काही नाही. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, परंडा त्याच्या शंभर-सव्वाशे मीटर खाली.

हा कडेचा उंचवटा एक मोठं काम करतो. तेरणा आणि मांजरा यांचं पाणी गोदावरीला जातं. सीना, नळदुर्गची बोरी आणि उमरग्याकडची बेनेतुरा यांचं पाणी भीमेतून कृष्णेला. एकाच जिल्ह्यात पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या नद्यांतून समुद्राला मिळतात. ही केवळ भूगोलाच्या पेपरातली माहिती नाही. पाण्याचं वाटप नदीखोऱ्याप्रमाणे होतं, आणि कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेत धाराशिवचं नाव आहे ते जिल्ह्याचा एक भाग कृष्णेच्या खोऱ्यात पडतो म्हणून.

आता एकाच उताराकडे बघा. माथ्यावर कातळ किंवा वीतभर माती. उतारावर मुरमाड, हलकी जमीन. पायथ्याला मध्यम काळी. ओढ्याकाठी भारी काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. खडक तोच आहे. पाण्याने बारीक माती वर्षानुवर्षं वरून खाली नेली, एवढंच. त्यामुळे पिक्सेल माथ्यावर आहे, उतारावर आहे की तळाला, हे कळलं की माती किती खोल असेल याचा बराच अंदाज येतो.

उंचीचा डेटा कुठून येतो? फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा बहुतांश भूभाग मोजला. तो डेटा आज फुकट मिळतो, दर ३० मीटरला एक आकडा. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या धाराशिव जिल्ह्यासाठी हे आकडे होतात साधारण ८३ लाख. त्यावरून संगणक उतार काढतो आणि प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या सरासरीपेक्षा वर आहे की खाली हे काढतो. वर असेल तर माथा, खाली असेल तर दरी. हिशेब इतका साधा आहे.

एवढ्यावरच जिल्ह्याचे ढोबळ चार तुकडे दिसायला लागतात. भूम-वाशीपासून तुळजापूरपर्यंतचा बालाघाटचा माथा आणि त्याच्या कडा. पश्चिमेला खाली सीनेचं खोरं, म्हणजे परंडा. उत्तर-पूर्वेला मांजरा-तेरणेची खोरी, त्यात कळंब, तेर आणि लोहाऱ्याकडचा भाग. आणि आग्नेयेला नळदुर्ग-उमरग्याची लाटांसारखी वरखाली होणारी जमीन. तालुक्यांच्या हद्दी यांच्याशी कुठे जुळतात, कुठे अजिबात जुळत नाहीत.

पाऊस आणि जमिनीची 'बॅटरी'

नुसता पावसाचा नकाशा का पुरत नाही, हे समजायला मोबाईलची बॅटरी आठवा. पाऊस म्हणजे चार्जिंग. जमीन म्हणजे बॅटरी. ऊन, वारा आणि पीक मिळून रोज ती वापरतात. चार्जर दोघांचा सारखा असला तरी छोटी बॅटरी आधी संपणार.

आकडे घालून बघू. फूटभर खोल मुरमाड जमीन पिकाला वापरता येईल असं समजा ४० मिमी पाणी धरते. मीटरभर खोल भारी काळी जमीन धरते समजा २०० मिमी. पावसाने उघडीप दिली आणि पीक रोज ४ मिमी ओढतंय. पहिल्या जमिनीत १० दिवसांत ओल संपली. दुसरीत ५० दिवस. (प्रत्यक्षात ओल कमी होते तसं पीकही जपून पाणी ओढतं, त्यामुळे दिवस थोडे वाढतात. पण दोन्हींतला फरक राहतोच.)

पीकविम्यामुळे '२१ दिवसांचा खंड' हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. २०२३ चा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. अशा महिन्यात माथ्यावरचं सोयाबीन करपतं आणि खाली ओढ्याकाठचं तग धरतं, मग पर्जन्यमापकावरचा आकडा दोघांसाठी एकच का असेना.

नकाशा बनवणारे याच हिशेबाला 'वाढीचा कालावधी' म्हणतात. पाऊस हा संभाव्य बाष्पीभवनाच्या निम्म्याहून जास्त झाला की कालावधी सुरू. पाऊस त्याखाली गेल्यावरही जमिनीतली साठलेली ओल संपेपर्यंत तो चालू. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९७० च्या दशकातल्या मूळ पद्धतीत सगळ्या जमिनींत १०० मिमी ओल साठते असं धरलं होतं. म्हणजे सगळ्यांना एकच बॅटरी! जगाच्या नकाशाला ते चालून गेलं. धाराशिवसारख्या ठिकाणी, जिथे किलोमीटरभरात जमीन बदलते, तिथे प्रत्यक्ष मातीची खोली घालावीच लागते.

थर एकत्र कसे करतात?

सगळे थर एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक ठिपक्याला एक वर्ग द्यायचा. दोन रस्ते आहेत. पहिला नियमांचा: उतार इतक्याहून जास्त, माती इतक्याहून उथळ, कालावधी इतक्याहून कमी असेल तर 'माथ्याची हलकी जमीन'. दुसरा रस्ता म्हणजे संगणकाला सांगायचं, या लाखो ठिपक्यांतून एकमेकांसारखे दिसणारे सहा गट तूच पाड. दुसरा ऐकायला भारी वाटतो. पण गट का पडले हे तो सांगत नाही, आणि सहाऐवजी सात म्हटलं की नकाशा बदलतो. ज्या नकाशावरून कुणाच्या जमिनीबद्दल निर्णय होणार आहे, तिथे मला नियमांचा रस्ता बरा वाटतो, कारण नियमावर भांडता येतं.

इथेच एक चलाखी होते, ती ओळखायला शिका. उंचीचा ठिपका ३० मीटरचा. हवामान विभागाचा दैनंदिन पावसाचा जाळीदार डेटा मात्र पाव अंशाचा, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरचा चौकोन. आख्ख्या धाराशिवला असे दहा-अकराच चौकोन येतात. ८३ लाख ठिपक्यांच्या शेजारी हे दहा-अकरा! सॉफ्टवेअर पावसाचा थर ताणून ३० मीटरचा करून देतं आणि नकाशा एकदम गुळगुळीत दिसतो. पण व्हॉट्सॲपवर आलेला धुरकट फोटो झूम केल्याने त्यात नवीन काही दिसत नाही, तसंच हे. नकाशाची अचूकता त्याच्या सर्वांत जाड थराएवढीच असते. राज्यात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, त्यामुळे पावसाचा थर पूर्वीपेक्षा बारीक करता येतो. मंडळही लहान नसतं, पण २७ किलोमीटरच्या चौकोनापेक्षा बरं.

पिवळं गवत की पडीक जमीन?

या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त नुकसान कुणाचं होत असेल तर माळरानाचं.

एप्रिलचं उपग्रहचित्र घ्या. बालाघाटच्या माथ्यावर हिरवं काही नाही, सगळं पिवळट-तपकिरी. संगणक त्याला सहज 'ओसाड' ठरवतो. पण हेच माळ जुलै ते ऑक्टोबरमध्ये बघा: पवन्या, मारवेल, कुसळी, मधे बोर, बाभूळ, हिवर. वर्षातले सात-आठ महिने पिवळं असणं हाच या परिसंस्थेचा स्वभाव आहे. जी उस्मानाबादी शेळी देशभर नाव काढते, ती अशाच माळावर पोसलेली जात. मेंढपाळांची चराई इथेच. दख्खनचा लांडगा, खोकड, काळवीट यांचं घर हेच.

सरकारी पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये झुडपी जमीन हा पडीकचाच एक प्रकार धरला जातो. एकदा 'पडीक' हा शिक्का बसला की जागा मोकळी आहे असं गृहीत धरून पुढचे निर्णय होतात. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. अशी मोहीम निघाली की खड्डे घ्यायला पहिल्यांदा माळच नजरेत येतो. पवनचक्क्या आणि सौर पॅनेल यांनाही उंच, उघडी, स्वस्त जमीन हवी असते. वीज नको असं कुणी म्हणत नाही. पण कातळाचा निकामी तुकडा आणि जिवंत गवताळ माळ यांना नकाशात एकच रंग असेल, तर दोन्हींतून निवड करायची वेळच येत नाही.

तांत्रिक उपाय अवघड नाही. एका तारखेचं चित्र न घेता वर्षभराची चित्रं घ्यायची. 'सेंटिनेल-२' उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी १० मीटर बारकाईचं चित्र देते. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तरी वर्षभरात पुरेशी चित्रं हाती लागतात. माळरानावर पाऊस पडल्यावर हिरवेपणाचा आलेख एकदा चढतो आणि हळूहळू उतरतो. उघड्या कातळावर तो सपाटच राहतो. शेतात पेरणी-काढणीप्रमाणे वरखाली होतो, उसात वर्षभर वर असतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी उपग्रहांच्या डेटावरून भारतातल्या निमकोरड्या, खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा असा नकाशा तयार केला. देशाच्या भूभागाच्या सुमारे १० टक्के जागा त्यांत भरते, आणि त्यातला अगदी थोडा हिस्सा संरक्षित क्षेत्रांत आहे.

धाराशिवमध्ये येडशी-रामलिंगचं अभयारण्य आहे, पण ते मुख्यतः घाटातलं पानझडी जंगल. त्याच्या वरच्या माळांना तसं संरक्षण नाही.

मोबाईलवर आणि लॅपटॉपवर काय करून बघता येईल?

मोबाईलच्या ब्राउझरमध्ये कोपर्निकस ब्राउझर उघडा. आपलं गाव शोधा, सेंटिनेल-२ निवडा आणि वनस्पती निर्देशांकाचा थर लावा. एकदा ऑक्टोबरची ढग नसलेली तारीख, एकदा एप्रिलची. एप्रिलमध्ये जे हिरवं राहिलं ते बहुतेक ऊस, बाग किंवा धरणाकाठ. दोन्ही वेळा रंग न बदलणारी जागा म्हणजे कातळ, घरं किंवा रस्ता. इस्रोच्या 'भुवन' पोर्टलवर भूमी वापर आणि पडीक जमिनींचे थर बघता येतात. दोन्ही शेजारी ठेवले की तुमच्या गावचा माळ सरकारी नकाशात काय आहे ते कळेल.

लॅपटॉप असेल तर 'क्यूजीआयएस' हे फुकट सॉफ्टवेअर टाका. उंचीच्या फाइलवरून उतार काढायला त्यात एक मेनू पुरतो. डेटा शोधताना एक लक्षात ठेवा: जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे बऱ्याच फाइलींमध्ये अजून 'उस्मानाबाद' हेच नाव सापडेल. आणि १९८२ च्या आधीचा नकाशा किंवा आकडेवारी हाताला लागली तर त्यात लातूरही धरलेलं असतं, तेव्हा क्षेत्रफळ जुळत नाही म्हणून डोकं धरून बसू नका.

शेवटचा टप्पा पायी करायचा. नकाशातून प्रत्येक रंगाचे पाच-दहा ठिपके निवडा, माथ्यावरचे आणि ओढ्याजवळचे दोन्ही. जागेवर जाऊन 'क्यूफील्ड' ॲपमध्ये चार गोष्टी नोंदवा: मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत माती किती खोल आहे, रंग, उतार आणि काय उगवलंय. विहिरीची किंवा ओढ्याची उघडी कड मिळाली तर खोदायचीही गरज नाही. मोबाईलच्या जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरची चूक सहज असते, म्हणून दोन रंगांच्या बरोबर सीमेवर उभं राहू नका, ठिपक्याच्या मधे जा. फोटो घेताना एक जमिनीचा, एक चारी बाजूंचा. आणि तारीख नक्की लिहा, कारण मे महिन्यात 'गवत नाही' अशी केलेली नोंद ऑगस्टमध्ये जाऊन पुन्हा तपासावी लागते.